बांधलं पाऊल, दुखला गुडघा

१९८० च्या टूर द फ्रान्समध्ये बर्नार इनो पिवळी जर्सी अंगावर असताना शर्यत सोडून निघून गेला. पिरेनीजच्या पायथ्याशी पो नावाचं शहर आहे. तिथवर तो पहिल्या क्रमांकावर होता आणि खरे घाट पुढेच होते. रात्री पत्रकारांना चुकवून त्याने हॉटेल सोडलं. आघाडी आपोआप ज्याच्याकडे आली त्या योप झुटेमेल्कने दुसऱ्या दिवशी पिवळी जर्सी घातली नाही. पुढे ती टूर त्यानेच जिंकली. इनोला घरी पाठवलं ते गुडघ्याने. काही दिवस आधी थंडी-पावसात, दगडी फरशीच्या रस्त्यांवरून त्याने लीलपर्यंतचा टप्पा मारला होता, आणि तेव्हापासून गुडघा कुरकुरत होता. १९८३ मध्ये पुन्हा तीच गत. वसंतात स्पेनची व्हुएल्टा जिंकली, गुडघा बिघडला, शस्त्रक्रिया झाली, टूर हुकली. त्याच्याच संघातला बावीस वर्षांचा लोराँ फिन्यों ती टूर घेऊन गेला.

इनोच्या दुखण्याचं खापर मी त्याच्या बुटांवर फोडणार नाही. तो जड गिअर दाबणारा गडी होता, हवा वाईट होती, शर्यती मोजून घेणं त्याच्या स्वभावात नव्हतं. पण पुढच्या दोन वर्षांत सायकलस्वाराचं पाऊल आणि पायडल यांचं नातं बदललं, त्या बदलाचा चेहरा तोच ठरला. रोड बाइक आणि गुडघा यांच्या गेल्या चार दशकांच्या हकिकतीला सुरुवात करायची तर इथूनच.

त्याआधी काय होतं? आपली काळी, चोवीस इंची सायकल आठवा. रुंद रबरी पायडल, त्यावर चप्पल. पाऊल पुढे सरकतं, मागे सरकतं, टाच आत-बाहेर वळते, कुणी चवड्याने पायडल मारतं तर कुणी पावलाच्या मधल्या भागाने. दुधाच्या किटल्या लावून वर्षानुवर्षं सायकल मारलेल्या माणसाचे गुडघे दुखलेच नसतील असं नव्हे. पण त्याच्या पावलाला स्वतःची जागा शोधायची मुभा होती. शर्यतवाल्यांना ही मुभा परवडत नव्हती. त्यांच्या पायडलला पुढे लोखंडी टो-क्लिप, तिच्यातून ओवलेला चामड्याचा पट्टा आणि बुटाच्या तळाला खाच असलेली पट्टी असायची. ती खाच पायडलच्या पिंजऱ्यावर बसली आणि पट्टा आवळला की पाऊल जखडलं. थांबायचं झालं तर आधी खाली वाकून बकल सैल करायचं. विसरलात तर आडवे.

त्या काळातली एक रीत मला फार शहाणपणाची वाटते. नवे बूट आणले की लगेच पट्टी ठोकायची नाही. काही दिवस नुसत्या चामडी तळव्याने सायकल चालवायची. पायडलच्या पिंजऱ्याचा वळ तळव्यावर उमटायचा, आणि तो प्रत्येकाचा वेगळा यायचा: कुणाचा सरळ, कुणाचा तिरका, एकाच माणसाच्या डाव्या-उजव्या पायाचाही निराळा. मग त्या वळावर खाच येईल अशी पट्टी खिळ्यांनी ठोकायची. नंतर आलेल्या महागड्या यंत्रांनी जे शोधलं, त्याचा निम्मा भाग या वळात होता.

१९८४ मध्ये फ्रान्समधल्या नेव्हेरच्या लुक कंपनीने नवं पायडल बाजारात आणलं. ही कंपनी मूळची बर्फावरच्या स्कीला बूट अडकवणारी खटकी बनवणारी. माणूस पडला की बूट सुटला पाहिजे, नाहीतर गुडघा पिळवटतो. त्यांचा सगळा धंदाच या एका गोष्टीवर उभा होता. १९८३ मध्ये उद्योजक बेर्नार तापीने ती विकत घेतली आणि त्याच तापीने इनोभोवती ‘ला व्ही क्लेर’ हा संघ बांधला. पट्टा गेला, बकल गेलं. बुटाखाली प्लॅस्टिकची तिकोनी क्लीट आली, ती खट्कन अडकायची आणि टाच बाहेर वळवली की सुटायची. १९८५ ची टूर, स्वतःची पाचवी, इनोने याच पायडलवर जिंकली. शॉन केलीसारखे काही हट्टी गडी नव्वदीच्या दशकातही पट्टेच आवळत राहिले, पण बाकीचे बघता बघता नव्या पायडलवर गेले.

आणि गंमत बघा. गुडघा वाचवायचं तंत्र ज्यांच्या हातात होतं, त्यांच्याच पहिल्या क्लीटमध्ये पावलाला इकडेतिकडे वळायची सोय नव्हती. चामडी पट्टा कितीही आवळला तरी चामडंच ते, थोडं ताणायचं, थोडं सरकायचं. नवी क्लीट मात्र जशी बसवाल तशी. वाकडी बसली तर वाकडीच. व्यावसायिक संघांकडे मेकॅनिक होते, मालिशवाले होते. हौशी स्वार दुकानातून पायडल आणायचा, डोळ्यांना सरळ दिसेल अशी क्लीट लावायचा आणि महिन्याभरात गुडघा धरून बसायचा.

असं का होतं, हे जरा नीट बघू. गुडघा मुख्यतः बिजागरीसारखा एका दिशेत उघडमीट करतो. पिळायची त्याची ताकद थोडकी. त्याच्या वर खुबा, खाली घोटा आणि पाऊल, आणि या दोन्ही टोकांना चांगली वळवळ करता येते. चालताना पाऊल आत कलंडलं की नडगीचं हाड आतल्या बाजूला फिरतं, आणि पुढचं पाऊल टाकताना ते पुन्हा मोकळं होतं. सायकलवर खालचं टोक पायडलला आणि वरचं सीटला बांधलेलं. मग ज्याची टाच निसर्गतः आत वळते त्याची क्लीट सरळ बसवली, तर प्रत्येक फेरीला नडगी एकीकडे आणि मांडी दुसरीकडे ओढते. मिनिटाला नव्वद फेऱ्या धरल्या तर एका तासात एका पायाच्या पाच हजार चारशे. एका फेरीतली चूक कळतही नाही. चार तासांनंतर कळते. दुखणं कुठे आहे यावरूनही थोडाफार अंदाज येतो. गुडघ्याच्या वाटीसमोर दुखत असेल तर बहुतेकदा सीट खाली असते किंवा गिअर जड असतो. मागे दुखलं तर सीट वर. आतल्या वा बाहेरच्या बाजूला दुखत असेल तर मात्र बूट उलटा करून क्लीट पाहायची.

अमेरिकेत बिल फॅरेलच्या ‘फिट किट’मध्ये ऐंशीच्या दशकातच यावर एक साधन निघालं होतं. पायडलच्या जागी फिरतं पायडल लावायचं, त्यावर दर्शक काटा, आणि स्वाराला नुसतं सायकल मारायला सांगायचं. पाऊल कुठल्या कोनात स्थिरावतं ते काटा दाखवायचा आणि त्या कोनात क्लीट कसायची. तळव्यावरच्या वळाची ही सुधारलेली आवृत्तीच म्हणायची. दुसरा मार्ग असा की कोन शोधायचाच कशाला, पायडललाच थोडी सूट देऊ. लुकचे जुने संशोधक ज्याँ बेल यांच्या कल्पनेवर १९८७ मध्ये उभी राहिलेली टाइम ही कंपनी त्या वाटेने गेली: पाऊल अडकलेलंच, पण टाच काही अंश आत-बाहेर फिरू शकते. सायकलवाले याला फ्लोट म्हणतात. कॅलिफोर्नियात रिचर्ड ब्राइनने स्पीडप्ले काढून ती सूट अठ्ठावीस अंशांपर्यंत नेली. काहींना ते वरदान वाटलं, तर काहींना पावलाखाली बर्फ ठेवल्यासारखं. माझा कल मधल्या बाजूला आहे. थोडा फ्लोट हवाच, पण वाकडी बसवलेली क्लीट फ्लोटने सरळ होत नाही. तुमचा नैसर्गिक कोन त्या सुटीच्या एका टोकाला येत असेल तर पाऊल सतत त्या टोकाला जाऊन थडकतं, आणि मग सूट असून नसल्यासारखी.

रंगांचा घोळ इथे सांगितला पाहिजे, कारण दुकानात तो रोज होतो. लुकच्या किओ क्लीटमध्ये काळी म्हणजे शून्य अंश, करडी साडेचार, लाल नऊ. शिमानोच्या रोड क्लीटमध्ये लाल शून्य, निळी दोन, पिवळी सहा. म्हणजे एका कंपनीची लाल सगळ्यात मोकळी, दुसरीची लाल सगळ्यात घट्ट. ‘मित्राला लालने आराम पडला’ असं ऐकून लाल मागाल तर आधी मित्राचं पायडल कुठल्या कंपनीचं ते विचारा.

नव्वदीच्या शेवटी आणि पुढच्या दशकात लक्ष कोनाकडून कलाकडे गेलं. पाऊल कुठे वळतं एवढंच नव्हे, तर ते कुठल्या कडेवर कलतं हेही पाहू लागले. कोलोरॅडोतल्या बोल्डरमध्ये अँडी प्रुइटने स्पेशलाइज्ड कंपनीसाठी घडवलेल्या बुटांत चवड्याखाली, अंगठ्याच्या बाजूला, दीड मिलिमीटरचा उंचवटा होता. पॉल स्विफ्ट या ट्रॅकवरच्या माजी विजेत्याने क्लीटखाली घालायच्या एकेका अंशाच्या पातळ पाचरी विकायला काढल्या. त्यामागे एक आकडा नेहमी पुढे केला जाई. १९९४ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात १२० धडधाकट माणसांची पावलं मोजली, तेव्हा सुमारे ८७ टक्के पावलांचा चवडा अंगठ्याच्या बाजूने उचललेला आढळला. असा चवडा सपाट पायडलवर टेकवायला पाऊल आत कलंडावं लागतं आणि त्याबरोबर गुडघा वरच्या नळीकडे झुकतो. पाचर ती फट भरून काढते. तर्क बिनतोड दिसतो. तरी माझी एक शंका आहे. त्या अभ्यासातली माणसं दुखणं नसलेली होती. दहातल्या जवळजवळ नऊ पावलांची ठेवण जर तशीच आहे, तर तो दोष कसला? माणसाचं पाऊलच तसं आहे. समोरून पाहिलं तर पायडल खाली जाताना ज्याचा गुडघा आत लचकतो आणि दुखतोही, त्याला एखादी पाचर उपकारक ठरते. ज्याला काही होत नाही, त्याच्या बुटात कुणी पाचरी सरकवत असेल तर त्याला हात जोडावेत.

शिवाय पाऊल काय किंवा क्लीट काय, सीटच्या उंचीपुढे दोन्ही नंतरची. या बाबतीत सायकलपटू एडी मर्क्सची वेदना सगळ्यांत बोलकी. सप्टेंबर १९६९ मध्ये ब्लोआच्या ट्रॅकवर मोटारसायकलमागे पळताना तो पडला. ती मोटारसायकल चालवणारा फेर्नां वाम्ब्स्ट जागीच गेला. मर्क्स वाचला, पण कंबरेच्या हाडाचा तोल कायमचा बिघडला. तिथून पुढे त्याला कुठलीच उंची पुरी वाटेना. धावत्या शर्यतीत अॅलन की काढून तो सीट वरखाली करायचा. १९६७ मध्ये हॅम्ली आणि थॉमस या संशोधकांनी सीटच्या उंचीसाठी जांघेपासून जमिनीपर्यंतच्या मापाच्या १०९ टक्के असा हिशेब दिला. इनो आणि ग्रेग लेमाँडचा गुरू सिरिल गिमार त्याच मापाला ०.८८३ ने गुणायचा. (दोघांची मोजायची टोकं वेगळी: एक पायडलपासून मोजतो, दुसरा क्रँकच्या मध्यापासून.) नंतर सूत्रं मागे पडली आणि पायडल तळाशी असताना गुडघ्यात पंचवीस ते पस्तीस अंशांचा वाक राहावा, ही मोजणी रुळली. मला तीच बरी वाटते, कारण ती बुटाच्या तळाची जाडी, पावलाची लांबी, घोट्याची सवय सगळं पोटात घेते.

आपल्याकडे हे सगळं जरा उशिरा आलं आणि एकदम आलं. पुण्या-मुंबईत, नाशकात, नागपुरात गेल्या पंधराएक वर्षांत रोड बाइक दिसू लागल्या त्या बऱ्याच अंशी ब्रेव्हेमुळे, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला पुरा करायच्या उपक्रमामुळे. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी जोडीने ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पुरी केली. २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे अमित समर्थ यांनी एकट्याने. त्यानंतर क्लीटच्या बुटांना आपल्या शहरांत प्रतिष्ठा आली. फ्रान्सचा चाळीस वर्षांचा इतिहास आपल्या लोकांनी एका मोसमात उरकला: पहिल्या महिन्यात क्लीट, दुसऱ्या महिन्यात ३००, तिसऱ्या महिन्यात फिजिओथेरपिस्ट. जोडीला आपले घाट. बोरघाटात वा कसाऱ्याला मोठ्या चकतीवर, मिनिटाला पन्नास फेऱ्यांनी, दात-ओठ खात चढणाऱ्याचा गुडघा कुठलीही पाचर वाचवू शकत नाही. मागे जास्त दातांची कॅसेट टाका आणि लाज सोडा.

एक गोष्ट मात्र आपल्या लोकांनी अक्कलहुशारीने केली. पुष्कळ ब्रेव्हेवाल्यांनी तिकोनी रोड क्लीट सोडून शिमानोचं एसपीडी पायडल घेतलं, जे १९९० मध्ये मुळात डोंगरी सायकलींसाठी आलं. लहानशी लोखंडी क्लीट तळव्याच्या खोबणीत बसते, टपरीवर चहाला उतरून माणसासारखं चालता येतं, आणि चालून ती झिजतही नाही. प्लॅस्टिकची रोड क्लीट पेट्रोलपंपाच्या काँक्रीटवर चार वेळा चालली की कोपरे घासतात आणि पाऊल हलू लागतं. गुडघा अचानक दुखू लागला आणि बाकी काहीच बदललेलं नसेल तर हे आधी पाहा.

क्लीट लावायचं काम घरी होण्यासारखं आहे. उंच टेबलाच्या कडेवर पाय लोंबकळत ठेवून बसा आणि पावलं कुठे तोंड करतात ते बघा. दोन्ही सारखी नसली तर सारखी करायला जाऊ नका. बूट घालून अंगठ्यामागचा आणि करंगळीमागचा उंचवटा बोटाने चाचपून बुटावर खूण करा, आणि पायडलचा आस या दोन खुणांच्या मधोमध येईल अशी क्लीट ठेवा. शंका असेल तर टाचेकडे किंचित मागे. रोड क्लीटचे तिन्ही स्क्रू आलटून पालटून, पाच-सहा न्यूटन-मीटरला कसा. एका वेळी एकच बदल, तोही दोन-तीन मिलिमीटरचा, आणि त्यावर आठवडाभर सायकल. जुनी क्लीट काढण्यापूर्वी तिच्याभोवती मार्करने रेघ मारा, नवी त्याच रेघेत बसवा. एवढं करूनही गुडघ्यावर सूज दिसली, किंवा जिना उतरतानाही दुखायला लागलं, तर सायकल भिंतीला टेकवून ऑर्थोपेडिककडे जा. क्लीटचे स्क्रू नंतर फिरवता येतात.