दूरस्थ मदतनीस (भाग ६) : काम कुणाचं सरस?

गेल्या आठवड्यात आपण अमेरिकी आणि परदेशी व्हर्च्युअल असिस्टंटच्या, म्हणजे दुरून काम करणाऱ्या सहायकांच्या, दरांचा हिशेब पाहिला. स्वस्त तेवढं सुमार, हा निष्कर्ष त्यातून घाईने काढता येतो आणि अमेरिकेतले छोटे व्यावसायिक तो सर्रास काढतातही. त्यांच्या बाजूने दोन गाजलेले दाखले आहेत. २००३ मध्ये डेलने तांत्रिक मदतीचे काही कॉल बंगळुरूहून अमेरिकेत परत नेले. २००९ मध्ये डेल्टा एअरलाइन्सने विक्री आणि आरक्षणाचे कॉल भारतात पाठवणं थांबवलं, कारण बोलणं समजत नाही अशा ग्राहकांच्या तक्रारी होत्या. दाखले कॉल सेंटरचे आहेत हे खरं, पण असिस्टंटच्या दर्जाबद्दलचे पूर्वग्रह बरेचसे तिथूनच आले आहेत.

ते दाखले मात्र अर्धेच सांगितले जातात. डेलने परत नेले ते कंपन्यांना विकलेल्या ऑप्टिप्लेक्स आणि लॅटिट्यूड संगणकांचे कॉल. घरगुती ग्राहकांचे कॉल भारतातच राहिले. बडा ग्राहक दुखावला तर परवडणार नाही, किरकोळ दुखावला तर चालेल, असा तो व्यवहार होता. डेल्टाने भारत सोडला, पण जमैका आणि दक्षिण आफ्रिकेतली केंद्रं चालू ठेवली. केवळ परदेशी असणं हाच दोष असता, तर त्यांनाही टाळं लागलं असतं. फोनवर अनोळखी माणसाशी बोलण्याच्या कामात उच्चार आडवे येतात, एवढंच यातून सिद्ध होतं. आणि असिस्टंटचं बरंचसं काम तर लेखी असतं. ए. जे. जेकब्स या अमेरिकी लेखकाने २००५ मध्ये ‘एस्क्वायर’ मासिकासाठी आपली कामं भारतातल्या सहायकांवर सोपवून पाहिली. लेख गमतीचा आहे, पण माहिती शोधून नीट मांडून देण्याच्या कामाबद्दल त्यात कौतुकच आहे.

मग बिघडतं कुठे? माझ्या मते घड्याळात. हिवाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेसात आणि मनिलात रात्रीचे दहा झालेले असतात. ‘तुम्ही झोपा, सकाळी काम तयार’ ही एजन्सीची लाडकी जाहिरात, आणि खोट नेमकी तिच्यातच आहे. सूचना कधीच पूर्ण नसते. टेक्सासमधली सहायक दुपारी दोन ओळींत शंका विचारून मोकळी होते. मनिलातला सहायक कामाला बसतो तेव्हा त्याचा मालक झोपलेला असतो, म्हणून सहायक एकतर अंदाज बांधतो किंवा काम अडवून ठेवतो. अंदाज चुकला की म्हणायचं, यांचा दर्जा कमी! मालक आणि सहायकाचे रोजचे तीन-चार तास एकत्र जुळवले, तर ही तक्रार बरीचशी विरते. अर्थात त्यासाठी सहायकाला रात्र जागवावी लागते आणि जागरणाची किंमतही शेवटी कामातच वसूल होते.

यावर एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. अमेरिकेतल्या सहायकाला न सांगितलेलंही कळतं. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, तो बैठक ठेवणार नाही. मान्य. पण ही समज पासपोर्टाबरोबर मिळत नाही. एकाच मालकाकडे टिकून काम केलं की येते. आणि टिकण्याची हमी अमेरिकी एजन्सी तरी देते का? झर्च्युअल ही कंपनी अमेरिकेतलेच सहायक पुरवते, हीच तिची मिरवण्याची गोष्ट होती. ऑगस्ट २०१५ मध्ये तिने चारशेहून अधिक कर्मचाऱ्यांना एका रात्रीत ईमेलने घरी बसवलं. दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या कंपनीने ती विकत घेतली, पण मालकाच्या सवयी जाणणारा माणूस एव्हाना हातचा गेलेला होता.

विमा कंपनीशी फोनवर हुज्जत घालणं, स्थानिक कारागिराकडून वेळ पदरात पाडून घेणं, अशी कामं अमेरिकेतल्या माणसालाच द्यावीत. तिथे वाद नाही. बाकी कामांसाठी अमेरिकी आणि परदेशी अशा दोघांना एकच लेखी सूचना द्यावी, शंका विचारायला सारखीच सवड द्यावी आणि महिनाभर परत पाठवाव्या लागलेल्या कामांची नोंद ठेवावी. दराची तुलना त्यानंतर.