भूगर्भातील तेलाचा शोध

बालाघाटच्या परिसरात मँगनीजचे काळे थर अनेक ठिकाणी जमिनीवर उघडे पडलेले आढळतात. भरवेलीची खाण आज खोल गेली असली, तरी या प्रदेशातील मँगनीजचा माग प्रथम लागला तो अशा दृश्य खुणांवरून. खनिज तेलाचे तसे नाही. ते बहुधा हजारो फूट खाली दडलेले असते आणि वर त्याची खूण दिसतेच असे नाही. मग त्याचा शोध लागतो कसा?

भूमीखाली तेलाची तळी असतात, ही समजूत चुकीची आहे. स्पंजात पाणी मुरावे तसे तेल व वायू खडकांच्या सूक्ष्म छिद्रांत साठलेले असतात. प्राचीन समुद्राच्या गाळात गाडल्या गेलेल्या सूक्ष्म जीवांपासून ते बनले. म्हणून प्रथम गाळाच्या खडकांचा प्रदेश शोधावा लागतो. प्रचंड उष्णतेने व दाबाने रूप पालटलेल्या बालाघाटच्या पुरातन खडकांत तेलाची आशा नाही. गाळाच्या थरांतून तेल हळूहळू वर सरकते आणि एखाद्या घुमटाकार, अभेद्य थराखाली अडकते.

हा घुमट हुडकणे हेच संशोधकांचे खरे काम. गुरुत्वाकर्षणातील व चुंबकत्वातील सूक्ष्म फरक मोजून गाळाची जाडी अजमावता येते. त्याहून स्पष्ट चित्र मिळते ते कंपनांवरून. दरीत हाक दिली असता कड्यावरून प्रतिध्वनी यावा, त्याप्रमाणे जमिनीत सुरुंग उडवून निर्माण केलेली कंपने निरनिराळ्या थरांवरून परत फिरतात. त्यांना लागलेल्या वेळावरून थरांची खोली व आकार कळतो. समुद्रात आता सुरुंगाऐवजी दाबलेली हवा वापरतात.

१९६४ ते १९६७ या काळात भारतीय व सोव्हिएत तज्ज्ञांनी ‘अकादमिक अर्खांगेल्स्की’ या नौकेवरून खंबायतच्या आखाताकडील समुद्राची अशीच पाहणी केली. तीत मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरांवर मोठा घुमट आढळला. तथापि घुमट म्हणजे तेल नव्हे. तो रिकामाही निघू शकतो, आणि मग विहिरीवरील सारा खर्च पाण्यात जातो. यंत्रे जागा दाखवितात, ग्वाही देत नाहीत. १९७३ साली जगात तेलाचे भाव कडाडले होते. अशा वेळी, १९७४ च्या फेब्रुवारीत, ‘सागर सम्राट’वरून खणलेल्या विहिरीत तेल लागले. ‘बॉम्बे हाय’ हे क्षेत्र ते हेच. १९७६ च्या मे महिन्यात तेथून उत्पादन सुरू झाले.