नखांवरची मेंदी

मृगाच्या सरी पडून गेल्या व आषाढ लागला, म्हणजे सोलापूर शहराच्या पूर्व भागात घरोघरी मेंदीच्या पाल्याची आठवण होते. या भागात विणकरांची वस्ती मोठी आहे. पिढ्यान्‌पिढ्यांमागे हातमागाच्या व गिरण्यांच्या कामासाठी तेलंगणातून आलेली ही कुटुंबे घरात तेलुगू बोलतात आणि बाजारात मराठी. आषाढात मुलींनी व स्त्रियांनी हात रंगवावेत, अशी तेलुगू लोकांची जुनी चाल आहे. मराठी घरांतील मुली मेंदी लावतात ती मुख्यतः श्रावणातील नागपंचमीला. त्यामुळे सोलापुरात एका आळीतील हात रंगून होतात न होतात, तोच दुसऱ्या आळीतील पाटे वाजू लागतात.

मेंदीला तेलुगू भाषेत ‘गोरिंटाकू’ म्हणतात. ‘गोरु’ म्हणजे नख आणि ‘आकू’ म्हणजे पान. आपल्याला मेंदी म्हटली की तळहात आठवतो. या शब्दात मात्र पहिला मान नखाचा आहे. आणि रीतही तशीच आहे. तळहाताच्या मध्यभागी एक मोठा ठिपका, त्याच्याभोवती लहान ठिपके, आणि प्रत्येक बोटाच्या शेंड्याला नखासकट वाटलेल्या पाल्याची टोपी! एवढीच काय ती नक्षी. पण पाहणाऱ्याचे डोळे तिच्यावरून हलत नाहीत.

ही कला घरी साधण्यास फारसे काही लागत नाही. ताजा पाला स्वच्छ धुऊन पाट्यावर गंधासारखा बारीक वाटावा. वाटताना थोडे चिंचेचे पाणी किंवा लिंबाचा रस घालावा. नखे साबणाने धुऊन कोरडी करावीत; नखावर तेलाचा अंश राहिला, तर रंग नीट धरत नाही. मग खराट्याच्या हिराने नखावर ठिपके द्यावेत. नखाच्या मुळाशी पांढरी चंद्रकोर ठेवावयाची असल्यास चिकटपट्टीचा तुकडा कोरीच्या आकारात कापून तेथे घट्ट चिकटवावा व उरलेल्या नखावर मेंदीचा लेप द्यावा. पट्टीखाली रंग पोहोचत नाही. लेप रात्रभर राहू द्यावा लागतो, म्हणून हे काम निजण्यापूर्वी करतात. त्याला आणखीही एक कारण आहे. पूर्व भागातील कितीतरी स्त्रिया दिवसभर विड्या वळतात. त्यांच्या हातांना सवड मिळते ती रात्रीच. सकाळी वाळलेला लेप खरवडून काढावा आणि काही तास हात पाण्यात घालू नयेत.

पाला हिरवा, मग रंग तांबडा कसा? मेंदीच्या पानात रंग सिद्ध होऊन बसलेला नसतो. पान चुरडले म्हणजे त्यातील घटकांपासून ‘लॉसोन’ नावाचे रंगद्रव्य तयार होते. आपली कातडी व नखे यांत ‘केरॅटिन’ नावाचे प्रथिन असते. लॉसोन त्याला घट्ट बिलगते. प्रथम रंग नारिंगी दिसतो आणि हवा लागून एकदोन दिवसांत गडद होतो. बाटलीतील नखरंगाचे तसे नाही. तो नखावर नुसता पापुद्र्यासारखा बसतो. तो पापुद्रा बहुधा नायट्रोसेल्युलोज नावाच्या पदार्थाचा असतो, आणि हा पदार्थ कापसापासूनही बनवितात. म्हणजे कापसाचे हे एक वस्त्रच नखाला नेसविले म्हणावयाचे! ते खरवडता किंवा पुसता येते. मेंदी पुसता येत नाही.

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण तुम्ही ऐकली असेल. गौरीच्या सणाला आपण जो तेरडा आणतो, त्यातही लॉसोन असते. दूर कोरिया देशातील मुली उन्हाळ्यात तेरड्याची फुले व पाने तुरटीबरोबर कुटून नखांवर ठेवतात, वर पान गुंडाळून दोऱ्याने बांधतात आणि तशाच झोपी जातात. हा रंग पहिले हिम पडेपर्यंत नखावर टिकला, तर मनातील प्रीती सफळ होते, अशी तेथे समजूत आहे. फुलावरचा रंग तीन दिवसांत उतरत असेल. नखावरचा महिनोन्‌महिने राहतो. ही म्हण करणाऱ्याने तेरडा नखाला लावून पाहिला नसावा!

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी. यात्रेत व बाजारात ‘काळी मेंदी’ मिळते. खऱ्या मेंदीचा रंग कोळशासारखा काळा कधीच होत नाही. तो काळेपणा पुष्कळदा केस रंगविण्याच्या कलपातील रसायनाने आणलेला असतो. त्याने मुलांच्या कातडीला फोड येतात आणि काहींच्या हातांवर त्यांचे व्रण कायमचे राहतात. तासाभरात हात काळेभोर होतील असे कोणी सांगितले, तर हात मागे घ्यावा.

आता एक गंमत करून पाहा. या वेळी नऊच नखे रंगवा आणि एक कोरे ठेवा. वैद्य नखाचा रंग पाहून प्रकृतीची परीक्षा करतात, तेव्हा ते कोरे नख उपयोगी पडेल. रंगविलेल्यांपैकी एक नख मात्र मुळापर्यंत पूर्ण रंगवा, तेथे चंद्रकोर ठेवू नका. तळहातावरची मेंदी दोनतीन आठवड्यांत दिसेनाशी होईल. कारण कातडीचा वरचा थर सतत झडत असतो. नख तसे झडत नाही. ते मुळाशी नवे तयार होते आणि जुने पुढे ढकलले जाते. महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर, एवढी त्याची चाल. आषाढात पूर्ण रंगविलेल्या त्या नखाच्या मुळाशी श्रावण संपेपर्यंत कोऱ्या नखाची बारीक पट्टी दिसू लागते. ती पट्टी ६ मिलिमीटर झाली, की मेंदी लावून दोन महिने झाले, असा हिशेब पंचांग न पाहता करता येतो. पायाच्या नखांची चाल याहून मंद असते.

दिवाळीत पहाटे अभ्यंगस्नानाला बसाल, तेव्हा बोटांकडे पाहा. नखाच्या टोकाशी तेवढी तांबूस कोर उरलेली असेल. पुढच्या वेळी नखे काढताना तीही जाईल.