मध्यम शहरांचा नागरी विस्तार व रस्त्यांची संलग्नता : सांगली-मिरज-कुपवाडच्या संदर्भात

नागरी विस्ताराचे मोजमाप सामान्यतः लोकसंख्या व क्षेत्रफळ यांवरून केले जाते. तथापि नव्या वसाहतीतील रस्ते परस्परांना कितपत जोडलेले आहेत, हा निकषही तितकाच महत्त्वाचा आहे. त्यासाठी रस्त्यांच्या तुकड्यांची संख्या भागिले चौक व बंद टोके यांची संख्या, असे गुणोत्तर वापरतात. उदाहरणार्थ, एका हमरस्त्यावरील पाच चौकांतून पाच बंद गल्ल्या निघाल्यास नऊ तुकडे व दहा बिंदू होतात, गुणोत्तर ०.९. त्याच गल्ल्यांची टोके मागील बाजूस एकमेकींना जोडली, तर केवळ चार तुकड्यांची भर पडून गुणोत्तर १.३ होते. विस्तृत चौकटीबद्ध रचनेत ते २ च्या जवळ जाते.

सांगली, मिरज व कुपवाड यांची संयुक्त महानगरपालिका १९९८ मध्ये अस्तित्वात आली. २००१ मध्ये सुमारे ४.३७ लाख असलेली लोकसंख्या २०११ मध्ये ५.०३ लाखांवर गेली. लोकसंख्यावाढ मर्यादित असली तरी सांगली व मिरज यांमधील शेतजमीन विश्रामबागच्या दोन्ही अंगांनी वसाहतींखाली आली. यातील बरीचशी वाढ गुंठेवारी पद्धतीची होय. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. शेतकरी आपल्या गटापुरते तुकडे पाडतो, आपल्यापुरता रस्ता सोडतो, आणि तो रस्ता गटाच्या बांधावर संपतो. शेजारचा गट दुसऱ्याचा. त्याचा रस्ता दुसरीकडेच निघतो. अशा रीतीने शेताचा बांध हाच पुढे शहराच्या रस्त्यांचा आराखडा ठरतो.

महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा केला. २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढविण्यात आली. भूखंडधारकास यामुळे दिलासा मिळाला, हे नाकारता येत नाही. परंतु घरे उभी राहिल्यानंतर दोन गटांमधील तुटलेला दुवा सांधणे म्हणजे कोणाची तरी भिंत पाडणे होय, आणि ते क्वचितच घडते.

याचे गांभीर्य कृष्णेच्या महापुरात जाणवते. २००५, २०१९ व २०२१ या वर्षी शहरास पुराचा फटका बसला. शामरावनगरसारख्या सखल भागात तर पावसाचे पाणीही साचून राहते. चौकटीबद्ध पेठेत एक रस्ता बुडाला तरी दुसरा उरतो. बंद गल्लीत मात्र तोंडाशी पाणी आले, की आतील सर्वच घरे अडकतात.