यकृतातील मोठ्या सौम्य गाठी आणि त्यांचे उपचार

यकृतात आढळणारी प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. जी गाठ शेजारच्या ऊतींत घुसत नाही आणि शरीरात अन्यत्र पसरत नाही, तिला सौम्य गाठ म्हणतात. त्यांपैकी सर्वाधिक आढळणारी हिमॅन्जिओमा ही गाठ रक्तवाहिन्यांच्या जाळ्याची बनलेली असते आणि ती ५ सेंटिमीटरहून मोठी झाल्यास तिला सामान्यतः महाकाय मानले जात असले, तरी केवळ आकारामुळे शस्त्रक्रियेची गरज निर्माण होत नाही.

मात्र यकृताचे आवरण ताणले जाऊन उजव्या बरगड्यांखाली सतत दुखू लागले किंवा जठरावर दाब येऊन दोन घासांतच पोट भरू लागले, तर उपचारांचा विचार करावा लागतो. तत्पूर्वी या दुखण्यामागे पित्ताशयातील खडे वा जठरातील व्रण नाही, याची खात्री करणे अगत्याचे असते. अन्यथा गाठ काढूनही रुग्णाची वेदना कायम राहते.

शस्त्रक्रियेत गाठ भोवतालच्या यकृतापासून सोलून काढतात किंवा यकृताचा तेवढा भाग छेदून काढतात, आणि उरलेले निरोगी यकृत वाढून ही उणीव बरीचशी भरून काढते. शस्त्रक्रिया झेपणार नसेल, तर धमनीतून बारीक नळी नेऊन गाठीचा रक्तपुरवठा रोखतात. या पद्धतीस एम्बोलायझेशन म्हणतात.

यकृतपेशींपासून होणाऱ्या ॲडेनोमा या गाठीबाबत मात्र अधिक सावध राहावे लागते, कारण तिच्यात रक्तस्राव होण्याचा व क्वचित कर्करोग उद्भवण्याचा धोका असतो. म्हणून तिच्या वाढीस चालना देणाऱ्या गर्भनिरोधक गोळ्या थांबवूनही ती ५ सेंटिमीटरहून मोठीच राहिली, तर ती काढणे हिताचे ठरते.