चार्टकडे तोंड, गावाकडे पाठ

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची शेवटच्या वर्षातली मुलं-मुली खरिपाच्या हंगामात गावोगाव जातात. वर्तमानपत्रं त्यांना ‘कृषिदूत’ आणि ‘कृषिकन्या’ म्हणतात. अभ्यासक्रमात त्याचं नाव ग्रामीण कृषी कार्यानुभव. तीन वर्षं पुस्तकात वाचलेलं ज्यांनी हयात शेतीत घालवली त्यांना सांगायचं, ही परीक्षा लेखी पेपरापेक्षा अवघड. मग होतं असं, की मारुतीच्या पारावर चार्ट टांगला जातो, मुलगा त्याच्याकडे वळतो आणि वाचत सुटतो. गावाला त्याची पाठ तेवढी दिसते. मागच्या रांगेत तंबाखूची चंची उघडते.

विस्तार शिक्षणाच्या वर्गात एडगर डेल यांचा ‘अनुभवांचा शंकू’ हमखास शिकवतात. 1946 साली या अमेरिकी प्राध्यापकांनी मांडलेल्या आकृतीत तळाला प्रत्यक्ष अनुभव आहे आणि टोकाला नुसते शब्द. ‘वाचलेलं 10 टक्के, ऐकलेलं 20 टक्के लक्षात राहतं’ हे आकडे डेल यांचे नव्हेत. ते नंतर कुणीतरी चिकटवले. तरी प्रशिक्षणाच्या स्लाइडवर ते अजून दिमाखात मिरवतात. खरं-खोटं न तपासता चित्राला भुलायचं कसं, याचा याहून चांगला नमुना सापडणार नाही.

शंकूच्या तळाच्या प्रत्यक्ष अनुभवाचं उदाहरण म्हणून सोयाबीनची उगवण चाचणी घ्या. गोणपाटाचा तुकडा भिजवून पसरायचा, घरच्या बियाण्यातले न निवडता उचललेले 100 दाणे दहा-दहाच्या ओळींत मांडायचे, वर दुसरा ओला तुकडा घालून गुंडाळी करायची आणि पाणी शिंपडत सावलीत ठेवायची. सहा-सात दिवसांनी उघडून फक्त निरोगी कोंब मोजायचे. 70 किंवा जास्त भरले तर शिफारशीइतकं बियाणं. कमी भरले तर त्या प्रमाणात वाढवायचं.

हे सांगायला चार्ट कशाला हवा? अडचण वेगळीच आहे: निकाल आठवड्यानं लागतो आणि लोक तासाभरात उठतात. म्हणून तयारीचा विद्यार्थी आठवडाभर आधी बांधलेली दुसरी गुंडाळी सोबत आणतो. नवी समोर मांडून दाखवतो आणि जुनी पुढं करून म्हणतो, “काकू, तुम्हीच उघडा, तुम्हीच मोजा.” मोजणी सुरू झाली की बोलायचं थांबावं. लोकांची नजर दाण्यांवर असताना भाषण चालू ठेवलं, तर दोन्ही वाया जातात.

चार्टची खरी गरज डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींना असते. कपाशीच्या बोंडात शिरलेली गुलाबी बोंडअळी बाहेरून कळत नाही. तिचा जीवनक्रम काढूनच दाखवावा लागतो. पण पोस्टरवरची अळी वीतभर असते आणि शेतातली जेमतेम सेंटिमीटरभर. शेजारी खऱ्या मापाची अळी काढली नाही, तर ‘असली अळी आपल्या रानात नाही’ असं म्हणून माणूस निश्चिंत घरी जाईल. डोमकळी तर चित्रात दाखवूच नये. या अळीमुळे पाकळ्या मिटून राहिलेलं कपाशीचं ते फूल शेतातून तोडून आणावं, सगळ्यांसमोर उकलावं आणि आतली अळी हातोहात फिरवावी.

बाकीच्या गोष्टी सरावाच्या. एका चार्टवर एकच मुद्दा असावा. त्याची पाळी येईपर्यंत तो गुंडाळलेला राहू द्यावा, नाहीतर बोलणं एकीकडे आणि नजरा दुसरीकडे. चित्रकार्डं छातीशी धरावीत, तोंडासमोर नाही. बोलायचे मुद्दे त्यांच्या पाठीमागे लिहावेत. प्रोजेक्टरचा हट्ट मात्र सोडावा, कारण भर उन्हात मांडवाखाली पडद्यावर काहीच दिसत नाही आणि वीज कधी जाईल याचा नेम नाही.

यंदा तुमच्या गावात ही पोरं आली तर त्यांना चार्ट बाजूला ठेवायला सांगा आणि तुमच्याच पोत्यातलं मूठभर सोयाबीन त्यांच्या हातात द्या.