डोळ्यांत औषध घालतांना

पारनेरच्या एखाद्या वृद्ध शेतकऱ्याचा मोतीबिंदु काढून झाला, म्हणजे सर्व कार्य संपलें असें घरच्या माणसांस वाटतें. वस्तुतः पुढील कांहीं आठवडे डोळ्यांत घालावयाच्या थेंबांचें काम तेव्हां कोठें सुरू होतें. १९७६ सालीं आरंभ झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमामुळें अशा शस्त्रक्रिया खेड्यापाड्यांतील लोकांच्या आटोक्यांत आल्या. परंतु रुग्णालयांत परिचारिका जें काम करते, तें घरीं परतल्यावर सुनेच्या किंवा मुलाच्या हातीं येतें. म्हणून तिच्या हाताची शिस्त काय असते व ती कां असते, हें प्रत्येक घरानें समजून घेण्याजोगें आहे.

परिचारिका बाटली उघडण्यापूर्वीं ती वाचते. औषधाचें नांव, त्याची तीव्रता, मुदत, घालण्याची वेळ आणि डोळा उजवा कीं डावा, हें सर्व ती लेखी सूचनेशीं ताडून पाहते. ‘आपण रामभाऊच ना?’ असें विचारल्यास कमी ऐकूं येणारा वृद्ध नुसती मान डोलावतो. म्हणून ‘बाबा, तुमचें नांव सांगा’ असें ती म्हणते. ही सावधगिरी अनाठायीं नाहीं. एक औषध बाहुली मोठी करतें, तर दुसरें लहान करतें. आणि कानांत घालावयाच्या औषधाची बाटलीही दिसावयास तशीच असते.

नंतर हात साबणानें स्वच्छ धुवावयाचे. डोळ्यांस चिकटा आला असल्यास निर्जंतुक ओल्या कापसानें नाकाकडून कानाकडे पुसावें. एक बोळा एकदांच वापरावा. रोग्यानें मान मागें टाकून वर पाहावें. खालची पापणी हळूच खालीं ओढतांना बोटाचा भार गालाच्या हाडावर असावा, बुबुळावर मुळींच नसावा. शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यास दाब सोसत नाहीं. पापणीच्या आंत जी खोबण दिसते, तींत थेंब सोडावा. तो थेट बुबुळावर पडल्यास डोळा झटकन् मिटतो व औषध बाहेर फेकलें जातें.

बाटलीचें टोंक पापणीस, केंसांस वा बोटास लागतां कामा नये. तें लागलें कीं जंतु आंत शिरतात आणि पुढील प्रत्येक थेंबाबरोबर डोळ्यांत उतरतात. दूषित थेंब किती घातक ठरतो हें २०२३ सालीं अमेरिकेंत दिसून आलें. तेथें दूषित कृत्रिम अश्रूंमुळें कांहींची दृष्टि गेली आणि कांहीं जण दगावलेही.

एका वेळीं एकच थेंब पुरेसा होतो. थेंब सामान्यतः ३० ते ५० मायक्रोलिटरांचा असतो आणि त्या खोबणींत फार तर ३० मावतात. दुसरा थेंब गालावरच ओघळतो. डोळ्यांतून नाकांत उतरणारी एक सूक्ष्म अश्रुनलिका आहे. तिच्या वाटेनें औषध रक्तांत जातें. काचबिंदूवरील टिमोलॉलसारखें औषध असें शरीरांत गेल्यास नाडी मंदावते व दमेकऱ्यास धाप लागूं शकते. म्हणून थेंब घालून डोळा अलगद मिटावा व नाकाजवळचा कोपरा बोटानें एकदोन मिनिटें हळूच दाबून धरावा. दुसरें औषध घालावयाचें असल्यास निदान ५ मिनिटें थांबावें, नाहीं तर पहिलें धुऊन जातें. मलम नेहमीं शेवटीं लावावें.

एकाची बाटली दुसऱ्यानें वापरूं नये. उघडलेली बाटली सामान्यतः ४ आठवड्यांनंतर टाकून द्यावी. वेष्टनावर निराळी मुदत असल्यास ती पाळावी. उरलेलें स्टेरॉइडयुक्त औषध डोळा लाल झाला म्हणून आपल्याच मनानें घालणें तर फारच धोक्याचें. त्यानें डोळ्यांतील दाब वाढून दृष्टि कायमची जाऊं शकते. मध, दूध व काजळ यांसही अशा डोळ्यांत स्थान नाहीं. वेदना वाढली, लाली चढली किंवा दिसणें मंदावलें, तर त्याच दिवशीं नेत्रवैद्यांस गांठावें.

कुशल परिचारिका रोग्यास घरीं पाठवितांना नुसतें सांगून थांबत नाहीं. ती सुनेच्या हातीं बाटली देते आणि पहिला थेंब आपल्या देखत घालावयास लावते. तो नीट पडला, म्हणजेच रोग्यास घरीं जाण्याची मोकळीक मिळते.